गेझुंडब्रुनेनची फुटबॉल फेरी: छान आहे, पण कावामोतो राहून गेला

बर्लिनच्या गेझुंडब्रुनेन भागातल्या, हेर्था या फुटबॉल क्लबच्या जुन्या मैदानाची पायी फेरी गेल्या शनिवारी केली. दोन तास, माणशी १८ युरो. मैदान १९७४ साली पाडलं, आता तिथं लोक राहतात. तरी गाइडनं जुने फोटो हातात देऊन स्टँड कुठं होता, खेळाडू कुठून यायचे, हे इतकं नीट दाखवलं की पावसातही कुणी कुरकुर केली नाही. आमच्या सासूबाईसुद्धा शेवटपर्यंत चालल्या.

मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचेस बघत वाढलो. इथं आलो ते एकाच दिवसासाठी: ४ ऑगस्ट १९३६. ऑलिंपिकमध्ये जपाननं स्वीडनला इथंच ३–२ हरवलं. गाइडनं स्कोअर सांगितला आणि पुढं निघाला!

अहो, मध्यंतराला जपान ०–२ नं मागं होता. सायबेरियातून रेल्वेनं आलेली पोरं, बरीचशी वासेदा विद्यापीठाची. सरावाच्या मॅचेसमध्ये मार खाल्ला तेव्हा तीन बॅक, म्हणजे बचावपटू, ठेवून खेळायची पद्धत त्यांनी बर्लिनमध्येच उचलली. ४९व्या मिनिटाला २२ वर्षांच्या ताइझो कावामोतोनं गोल मारला, जपानचा ऑलिंपिकमधला पहिला. मग उकोन, आणि ८५व्या मिनिटाला मात्सुनागा.

हे दोघं पुढं दुसऱ्या महायुद्धात मारले गेले, पॅसिफिकमधल्या बेटांवर: मात्सुनागा ग्वाडलकॅनालला आणि उकोन बोगनव्हिलला. कावामोतो वाचला, पण सायबेरियात कैदी झाला. ज्या मुलखातून खेळायला गेला, त्याच मुलखात! सुटून आला आणि १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत, वयाच्या चाळिशीत, पुन्हा जपानकडून उतरला. त्याच स्पर्धेत आपण जपानला ३–२ हरवलं होतं. १९५८ला तोक्योत तो संघाचा प्रशिक्षक होता. एवढं आयुष्य ज्या गवतावरच्या गोलनं सुरू झालं, तिथं उभं राहून त्याचं नावही निघू नये, याचं मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी गाइडला हे सगळं सांगितलं. त्यानं भिजलेली वही काढून कावामोतोचं स्पेलिंग विचारलं आणि उकोनचंही लिहून घेतलं.

पाचपैकी साडेतीन तारे. वाटेत स्वच्छतागृह नाही, स्टेशनवरच उरकून घ्या.