१ मेगाहर्ट्‌झचा ट्रान्सड्यूसर चालवायला ट्रान्सफॉर्मर की सिरीज इंडक्टर?

ट्रान्सड्यूसर म्हणजे व्होल्टेज दिलं की कंप पावून ध्वनिलहरी सोडणारी पिझो चकती. तिला लागणारं जास्तीचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने मिळवायचं की तिच्याशी सिरीजमध्ये जोडलेल्या इंडक्टरने (कॉइलने), हा प्रश्न आहे. ही चकती मुळात कपॅसिटर असते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. समजा ती १ नॅनोफॅरडची आहे. १ मेगाहर्ट्‌झला तिची रिअॅक्टन्स (एसी प्रवाहाला होणारा विरोध) साधारण १६० ओहम भरते.

१२ व्होल्टच्या फुल ब्रिजमधून (चार मॉसफेट स्विचांच्या सर्किटातून) पीक-टू-पीक २४ व्होल्ट मिळतात. १:५ ट्रान्सफॉर्मर त्याचे १२० करतो. पण चकतीची कपॅसिटन्स प्रायमरीकडून (ब्रिजकडच्या गुंडाळीतून) पाहताना वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे २५ पटीने वाढते. मॉसफेटसमोर थेट २५ नॅनोफॅरड, जेमतेम ६.४ ओहम! पुष्कळांची सर्किटं इथेच तापतात. शिवाय सेकंडरीकडून (चकतीकडच्या गुंडाळीतून) मोजलेला लीकेज इंडक्टन्स, म्हणजे दोन गुंडाळ्या पूर्ण न जुळल्यामुळे उरणारा इंडक्टन्स, २५ मायक्रोहेन्री असला, तर तो याच १ नॅनोफॅरडबरोबर नेमका १ मेगाहर्ट्‌झला रेझोनन्समध्ये येतो, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला दोघं मिळून झुलू लागतात. म्हणून वेढे कमी ठेवावेत, प्रायमरी-सेकंडरीच्या तारा एकत्र पिळून गुंडाळाव्यात आणि गाभ्याचं फेराइट या फ्रिक्वेन्सीला चालणारंच घ्यावं.

इंडक्टरवाला हाच रेझोनन्स मुद्दाम घडवतो. एकच २५ मायक्रोहेन्रीची कॉइल, चौकोनी लाटेतून जवळपास साइन वेव्ह मिळते, खर्चही किरकोळ. मात्र व्होल्टेज किती वाढेल हे भारावर ठरतं: चकती पाण्यात असताना एक, हवेत आली की भलतंच. तापमानाने कपॅसिटन्स सरकली की ट्यूनिंगही सरकतं. आयसोलेशन (ब्रिज आणि चकती यांची विद्युत फारकत) तर नाहीच.

सतत एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्राला मी इंडक्टरच लावेन. आखूड पल्स पाठवून प्रतिध्वनी ऐकायचा असेल, तर रेझोनन्सची शेपूट लांबते आणि जवळचा प्रतिध्वनी तिच्यात बुडतो. तिथे नीट गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मरच हवा.