कॅनन १५००डी कॅमेरा सेकंडहँड घेतला, सहा महिने वापरून लिहितेय

आधीच सांगते, मी फोटोग्राफर बिटोग्राफर कोणी नाही. गिरगावात चाळीत राहते, बँकेत नोकरी, वय ४७, आणि आजवर फोटो म्हणजे फोन वर करून काढायचा नि फॅमिली ग्रुपवर टाकायचा एवढंच. मुलगी शिकायला पुण्याला गेली, रविवार एकदम मोकळे झाले म्हणून कॅमेऱ्याचं खूळ डोक्यात शिरलं. नव्या मिररलेसच्या (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) किमती बघून गप्प बसले आणि फोर्टात बोरा बाजारच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं आहेत तिथून हा सेकंडहँड आणला, १८-५५ च्या किट लेन्ससकट (कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी झूम लेन्स, १८ वर जास्त मावतं, ५५ वर जवळ दिसतं) २३ हजारांना.

दुकानाचं नाव लिहीत नाही. तोंडी "कार्ड नि ट्रायपॉड फ्री" आणि बिलात दोन्ही वेगळे लावलेले, ते मला व्हीटीला पोचल्यावर कळलं. ट्रायपॉड असा की कॅमेरा लावला की हळूहळू मान खाली घालतो. पण कॅमेरा चांगला निघाला ते भाच्यामुळे. त्याने तिथल्या तिथे लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून बुरशी बघितली आणि एफ २२ वर, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके शोधले. ठिपके म्हणजे सेन्सरवरची (फोटो टिपणारी आतली चकती) धूळ, आणि या मॉडेलला सेन्सर आपोआप साफ करायची सोय नाही, म्हणजे ते काम नंतर आपल्याच गळ्यात. तेव्हा सेकंडहँड घेताय तर हे दोन प्रकार दुकानातच करा, दुकानदार कितीही घाई करू दे.

दुसऱ्याच दिवशी मी भांडायला परत गेले होते, कारण व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायची खिडकी) सगळं धूसर. मला वाटलं फसवलं. काउंटरवरच्या पोऱ्याने काही न बोलता व्ह्यूफाइंडरच्या बाजूचं बारीकसं चाक नखाने फिरवलं आणि झालं की क्लिअर. चष्म्याच्या नंबराप्रमाणे ते अ‍ॅडजस्ट करायचं असतं म्हणे. मी त्याच्याकडून एक लेन्स पुसायचं फडकं विकत घेतलं आणि तिथून सटकले.

आता मुद्द्याचं. हा कॅमेरा २०१८ चा, २४.१ मेगापिक्सेल, फोकसचे पॉइंट फक्त ९, सेकंदाला ३ फोटो, स्क्रीन हलत नाही की टच नाही. आजच्या हिशेबाने जुनाट. त्याच वर्षी कॅननने आर सिरीजचे मिररलेस काढले, त्यामुळे हा आरशावाला म्हणजे शेवटच्या काही लोकलपैकी एक, असं भाचा म्हणतो. पण याच्या लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून त्या नव्या कॅमेऱ्यांवर चालतात, म्हणजे पैसे अगदीच पाण्यात जात नाहीत. व्हिडिओ करायचा असेल तर मात्र घेऊ नका. बाहेरचा माइक लावायला भोकच नाही, आणि स्क्रीनवर बघून काढायला गेलात तर फोकस कुर्र कुर्र करत बसतो. डोळा लावून काढायचा कॅमेरा आहे हा.

पहिला महिना मी हिरव्या ऑटोवरच होते आणि खरं सांगते, फोन बरा असं वाटत होतं. शेजाऱ्यांकडे सत्यनारायणाच्या आरतीला निरांजनाच्या उजेडात इतकं सुंदर दिसत होतं, मी बटण दाबलं तर फ्लॅश टणकन आपला आपण उभा राहिला, सगळ्यांचे डोळे दिपले, गुरुजी थांबले, आणि फोटोत निरांजन कुठे होतं तेही कळेना. त्या रात्री डायल एव्हीवर नेला तो आजपर्यंत बहुतेक तिथेच असतो. एव्हीमध्ये अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते आपण ठरवायचं (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं नि मागचं धूसर), शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते तो बघतो, आणि फ्लॅश आपण बटण दाबल्याशिवाय उठत नाही. एम मोडला सगळं आपणच ठरवायचं, पण कॅमेऱ्याला चक्र एकच असल्यामुळे अ‍ॅपर्चर बदलायला एव्हीचं बटण अंगठ्याने दाबून धरून मग तर्जनीने चक्र फिरवायचं. सुरुवातीला पोळी लाटताना फोन उचलल्यासारखं होतं ते.

आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. सासूबाई पांढरं लुगडं नेसून चुन्याच्या भिंतीपाशी बसल्या होत्या, फोटो काढला तर लुगडं मळकं. त्यांनी स्क्रीन बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच नीट धुतलं नाही. तर कॅमेरा समोरचं सगळं सरासरी करडं आहे असं धरून चालतो, पांढरं जास्त असलं की तो बिचारा अंधार करतो. तेच एव्हीचं बटण एव्ही मोडमध्ये दाबून चक्र एक घर प्लसकडे नेलं की लुगडं टिनोपाल घातल्यासारखं. काळ्या वस्तूला उलटं, मायनसकडे. फोटोग्राफीतलं मला पहिल्यांदा काही "कळलं" ते हेच.

किट लेन्सला लोक नावं ठेवतात म्हणून मी पण ५० एमएम एफ १.८ घेतली. पोर्ट्रेट काय येतात, मागचं सगळं लोण्यासारखं. पण याच्या लहान सेन्सरवर ५० ची होते ८० सारखी, आणि आमची खोली दहा बाय बारा! ओट्यापाशी नवरा उभा आणि मी दाराला पाठ लावून, तरी डोक्यापासून कमरेपर्यंतच मावतो. शेवटी गॅलरीत जाऊन दारातून काढते, मध्ये शेजारची पोरं धावतात. मुंबईत वन रूम किचनवाल्यांनी ही लेन्स घ्यायच्या आधी कॅमेरा घेऊन घरात एकदा मागे मागे सरकून बघावं.

शिवडीला फ्लेमिंगोंना पण गेले होते. किट लेन्सच्या ५५ वर नुसते गुलाबी ठिपके आले. सोडा.

पावसाळ्यात कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. रबराच्या झाकणाचा घट्ट डबा आणि आत सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. आणि एसी लोकलमधून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, लेन्सवर चष्म्यासारखं धुकं धरतं, पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या.

खरी शाळा झाली दादरच्या फूल मार्केटात. पहाटे साडेपाचला, एकेका टोपलीवर एकेक बल्ब. पहिल्या दिवशीचे सगळे फोटो झेंडूवर फोकस आणि माणसं धूसर, कारण ९ पैकी कुठला पॉइंट घ्यायचा ते मी त्याच्यावर सोडलं होतं आणि तो जे जवळ असेल ते पकडतो. मग फक्त मधला पॉइंट ठेवला. अर्धं शटर दाबून डोळ्यावर पकडायचं, बोट न उचलता फ्रेम जराशी सरकवायची, मग पूर्ण दाबायचं. एक मावशी रोज हार ओवत बसतात, त्या म्हणाल्या, "फोटोच काढनार का काई घेनार पन?" पाव किलो शेवंती घेतली आणि ५० एमएमवर एफ १.८ ला त्यांचा एक फोटो काढला, डोळे अगदी टक्क, मागचे बल्ब गोल गोल. सहा महिन्यांतला माझा सगळ्यात भारी फोटो. मी तो भाच्याला पाठवला, ऑफिसात दाखवला, आणि प्रिंट काढून मावशींना नेऊन दिला.

त्यांनी तो बल्बखाली धरून दोन्ही बाजूंनी बघितला. म्हणाल्या, "मी हाय ते बरं हाय, पन माल कुटंय माजा? येवडी फुलं मांडली ती सगळी पुसून टाकलीस व्हय?"

आता या रविवारी किट लेन्सच घेऊन जाणार आहे, १८ वर, एफ ८, आणि जरा उजाडल्यावर.