कामावरून काढलं: आयुक्तांकडे जावं की थेट यूएलपी टाकावी?

कंपनीने गेटवर अडवलं की महाराष्ट्रातल्या कायम कामगारापुढे मुख्यतः दोन वाटा उरतात. सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करून समेटाची बोलणी, नाही जमलं तर पुढे कोर्ट. किंवा राज्याच्या 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार, म्हणजे यूएलपी, थेट कामगार न्यायालयात. मी यूएलपी टाकली होती, तेव्हा माझा कल कुठे असेल ते धरूनच वाचा.

आयुक्तांची बाजू काही लंगडी नाही. वकिलाशिवाय सुरुवात होते, खिशाला चाट बसत नाही. मालकाने आकसाने काढलं, हे सिद्ध करायचं ओझंही पुढे कोर्टात तितकं जड नसतं. चुकीच्या मानाने शिक्षा जास्त वाटली तर कोर्ट ती बदलू शकतं.

मला तिथे खुपली ती ‘पुढची तारीख’. माझ्याबरोबर काढलेल्या एका सहकाऱ्याने आयुक्तांकडे अर्ज केला होता, सोबत म्हणून मी जायचो. एचआरचा माणूस यायचा, ‘साहेब, मॅनेजमेंटशी बोलून सांगतो’ म्हणायचा आणि तारीख घेऊन निघायचा. कधी तोही यायचा नाही, नुसतं पत्र यायचं. अधिकारी भला होता, पण समेट अधिकारी समजावू शकतो, कामावर घ्या असा हुकूम देऊ शकत नाही. कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. समेटाचे 45 दिवस असेच सरतात आणि इकडे यूएलपीची 90 दिवसांची मुदत पळत असते. त्यात 1971 च्या कायद्याचं कलम 59 आहेच: एका कायद्याखाली कार्यवाही सुरू झाली की त्याच तक्रारीसाठी दुसरं दार बंद.

यूएलपीचा निकाल झटपट लागतो असं मुळीच नाही, तारखा तिथेही पडतात. फरक पडतो तो त्याच कायद्याच्या कलम 30(2) मुळे. प्रकरण चालू असतानाच न्यायाधीश अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश देऊन कंपनीचा हात धरू शकतात. कंपनीची चौकशी चालू आहे, बडतर्फी अजून व्हायची आहे, अशा वेळी गेलात तर याचा उपयोग सगळ्यात जास्त. आमच्याकडे अंतरिम आदेशासाठीचा अर्ज दाखल झाल्यावर कंपनीच्या वकिलाची भाषाच मवाळ झाली. सगळ्यांना असाच अनुभव येईल, असं नाही म्हणत.

कंत्राटी असाल तर मात्र माझं ऐकू नका. मूळ कंपनीने ‘हा आमचा कामगारच नाही’ म्हटलं की यूएलपी अडकते. सिप्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली तेच सांगितलं: आधी मालक-कामगार नातं ठरवून घ्या, मग या. तुमची वाट आयुक्तांच्या कचेरीतूनच जाते.

आयुक्तांची वाट ज्या कायद्याखाली चालायची, त्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता आली आहे आणि माझी केस त्याआधीची. वकिलाला पहिला प्रश्न मुदतीचा विचारा. यूएलपी टाकली की तडजोड संपली, अशी भीती बरेच जण घालतात. आमची बोलणी कोर्टाच्या व्हरांड्यातच झाली आणि या खेपेला मॅनेजमेंटचा सही करू शकणारा माणूस हजर होता.