‘जुना, न वापरलेला साठा’ म्हणून विकले गेलेले ब्रिक गेम

नामांकित कंपनीच्या जुन्या खेळाचे वय खोटे सांगणे सोपे नसते, कारण त्याची नोंद कुठे ना कुठे सापडते. निन्टेन्डोच्या ‘गेम अँड वॉच’ मालिकेतील पहिला खेळ ‘बॉल’ १९८० साली आला आणि त्याचा मॉडेल क्रमांक एसी-०१ होता. १९९१ पर्यंत निघालेल्या या मालिकेतील इतर खेळांची वर्षे, क्रमांक आणि खोक्यांवरची चित्रेही संग्राहकांनी टिपून ठेवली आहेत. ब्रिक गेमचे, म्हणजे वरून पडणारे चौकोनी ठोकळे रचण्याच्या हातात धरून खेळायच्या स्वस्त खेळांचे, तसे नाही. त्याच्यावर बहुधा निर्मात्याचे नाव नसते, एकाच घडणीचे कवच वेगवेगळ्या नावांनी विकले गेले, ‘ई-९९९९’ सारखा क्रमांक कितीतरी जणांनी वापरला आणि मुख्य म्हणजे हे खेळ आजही नव्याने तयार होतात. मला ज्या विक्रेत्याने फसवले, त्याने नेमकी हीच फट हेरली होती.

त्याच्या जाहिरातीत काही ब्रिक गेम आणि मोटारशर्यतीचा एक जुना एलसीडी खेळ असा एकत्रित संच होता. एका बंद पडलेल्या दुकानाच्या गोदामात १९९० ते १९९५ दरम्यानचा, न उघडलेला साठा सापडला, असे वर्णन होते आणि त्याला साजेशी किंमतही लावलेली होती. छायाचित्रांत पिवळसर पडलेली खोकी, त्यांवरचे घट्ट पारदर्शक आवरण आणि एक चालू पडदा दिसत होता. खेळांच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागितल्यावर उत्तर आले की त्यासाठी आवरण फाडावे लागेल आणि मग वस्तूचे मोल उरणार नाही. हे उत्तर वरवर पटण्यासारखे असते, आणि सगळा डाव त्यावरच उभा असतो. बंद खोके उघडून पाहिले तर विक्रेता ‘आता ती न उघडलेली वस्तू राहिली नाही’ असे म्हणून परत घेण्याचे नाकारतो. न उघडता ठेवले तर आत काय आहे हे कधी कळतच नाही.

मी एक खोके उघडले. खेळाच्या पाठीवर, सेलच्या कप्प्याशेजारी, फुली मारलेल्या चाकांच्या कचरापेटीचे चिन्ह होते आणि त्याखाली जाड आडवी पट्टी होती. विद्युत उपकरणे साध्या कचऱ्यात टाकू नयेत, असे सांगणारे हे युरोपीय चिन्ह आहे. त्याखालच्या पट्टीचा अर्थ असा की ती वस्तू १३ ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आणलेली आहे. १९९५ सालच्या वस्तूवर अशा पट्टीसह हे चिन्ह असण्याचा संभवच नाही. वस्तू युरोपीय नियमांत बसते असे सांगणारे सीई हे चिन्ह मात्र नव्वदच्या दशकातच रूढ झाले, त्यामुळे केवळ ते दिसले म्हणून वस्तू नवी ठरत नाही. चिन्ह नसलेली वस्तू जुनीच असते असेही नाही. स्वस्त मालावर काय छापावे याला फारसा धरबंध नसतो.

त्यानंतर खोक्यांकडे नीट पाहिले. खरोखर जुन्या पुठ्ठ्याचा पिवळेपणा विषम असतो: उजेड लागलेली बाजू जास्त काळवंडते आणि दुमडून आत गेलेली पाळी बरीच फिकट राहते. इथे आतबाहेर, घडीच्या खाचेतसुद्धा, एकाच छटेचा रंग होता आणि एका कोपऱ्यात ओघळ वाळल्याची कड स्पष्ट दिसत होती. पुठ्ठा चहाच्या किंवा तशाच कशाच्या पाण्यात रंगवलेला असावा. आवरणाचे तर काहीच विशेष नाही, कारण आकसणारे प्लॅस्टिक आणि गरम हवेचे यंत्र कोणालाही विकत मिळते. खोक्यावर ‘एकात ९९९९ खेळ’ असे छापलेले होते. ते मी फसवणुकीत धरत नाही. मूळ प्रकार थोडेच असतात आणि वेग व पातळ्या बदलून आकडा फुगवलेला असतो, ही थाप जुन्या खोक्यांवरही आहे.

शर्यतीचा खेळ मात्र खरोखर जुना होता, पण निकामी होता. सेल गळून स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि कवच उघडताच आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला. पडद्यावरचा पोलरायझर, म्हणजे ज्याच्यामुळे आकृती दिसतात तो प्रकाश गाळणारा पातळ पापुद्रा, कुजू लागला की असा वास येतो. पोलरायझर बदलता येतो, काही आडव्या-उभ्या रेषा दिसत नसतील तर पडद्याला जोडणारी पट्टी पुन्हा बसवून त्या कधीकधी परत येतात; पण काच तडकून आतला द्रव शाईच्या डागासारखा पसरला असेल, तर तो पडदा गेलाच. इथे तेच झाले होते. छायाचित्रातला चालू पडदा दुसऱ्याच नगाचा होता, हे खेळाच्या कवचावरचे ओरखडे ताडून पाहिल्यावर लक्षात आले.

तक्रार केल्यावरचा भाग मला सर्वांत घातक वाटतो. विक्रेत्याने वाद घातला नाही. अत्यंत नम्रपणे अर्धी रक्कम देऊ केली, फक्त आधी तक्रार मागे घ्यावी, कारण ती उघडी असताना आपल्याला पैसे पाठवता येत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. विक्री-संकेतस्थळांवर मागे घेतलेली तक्रार बहुधा पुन्हा उघडता येत नाही, आणि तक्रारीची मुदत तर अशा गोड पत्रव्यवहारात सरून जातेच. मी तक्रार मागे घेतली नाही. कचरापेटीच्या चिन्हाचे जवळून काढलेले छायाचित्र आणि जाहिरातीतले ‘१९९० ते १९९५’ हे शब्द शेजारी ठेवून पाठवले, कारण ‘वस्तू बनावट आहे’ हे बिननावाच्या खेळाबाबत सिद्ध करता येत नाही, पण ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ हे करता येते. ब्रिक गेमचे पैसे परत मिळाले. शर्यतीच्या खेळाचे मिळाले नाहीत, कारण वर्णनात तो ‘चालू’ असल्याचे कुठेही लिहिलेले नव्हते. ते काम छायाचित्रावर सोपवलेले होते.

आता अशा विक्रेत्याकडे मी चित्रफीत मागतो: सेलचा कप्पा उघडा, त्यात सेल घालताना आणि पाठीवरचा मजकूर व चालू झालेला पडदा एकाच सलग चित्रणात. ज्यांच्याकडे खरा माल असतो, ते कुरकुरत का होईना, पाठवतात. तीच पिवळी खोकी आता दुसऱ्या नावाने विक्रीला आहेत आणि वर्णनातून साल काढून टाकून तिथे फक्त ‘बालपणीचा’ असे लिहिलेले आहे.