बदलापुरात घर: स्वस्त का, आणि कुणाला परवडतं

डोंबिवली-कल्याणचे भाव हाताबाहेर गेले की मध्य रेल्वेवरच्या माणसाची नजर पुढे सरकते. आधी अंबरनाथ, मग बदलापूर. तिथं वन बीएचकेच्या पैशात टू बीएचके मिळतो, इमारती नव्या आहेत आणि खिडकीतून डोंगर दिसतो. सगळं खरं आहे. पण ही स्वस्ताई फुकट आलेली नाही. त्यामागे अंतर आहे, उल्हास नदी आहे आणि कागदपत्रांचा घोळ आहे. यातलं जे तुम्हाला बाधणार नाही तेवढाच फायदा तुमचा, बाकीचे वाचलेले पैसे दुसऱ्या खिशातून जाणार.

आधी अंतराचं बघू, कारण ते रोजचं आहे. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. जलद लोकल सव्वा तासाच्या आगेमागे नेते, धीमी गाडी दीड तासाच्याही पुढे जाते. एजंट सांगतो तो हा गाडीतला वेळ. हिशोब दारापासून दारापर्यंतचा करायचा असतो: घर ते स्टेशन रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं, फलाटावर दहा, गाडीत पाऊण तास ते दीड तास, आणि उतरल्यावर पुढचं वाहन. म्हणून बदलापूर कुणासाठी, हे ऑफिस कुठल्या स्टेशनजवळ आहे यावर ठरतं. ठाणे-मुलुंडला नोकरी असेल तर उत्तम, ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर आहेत. ऐरोली, घणसोली, महापे या बाजूला ठाण्यात नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल पकडून निभतं. बीकेसीला कुर्ल्यात उतरून पुढे बस किंवा रिक्षा. जमतं, पण एका वेळचे दोन तास धरा. अंधेरीसाठी घाटकोपरला मेट्रो आहे. गोरेगाव-मालाडला रोज जायचं असेल तर बदलापूरचा विचार सोडून द्यावा. त्या पैशात नालासोपारा-विरारकडे बघितलेलं बरं.

गाडी उशिरा येण्याचं कारणही समजून घ्या. कल्याणनंतर कर्जतकडे दोनच मार्ग आहेत आणि त्याच रुळांवरून पुण्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मेल-एक्स्प्रेस धावतात. एक गाडी अडली की मागची लोकल तिष्ठत राहते. कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग आणि मध्ये चिखलोली स्थानक यांचं काम एमयूटीपी-३अ या मुंबईच्या उपनगरी रेल्वे विस्ताराच्या प्रकल्पात आहे. ते पूर्ण झाल्यावर चित्र बदलेल, पण घराचा निर्णय आजच्या वेळापत्रकावर घ्या. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ प्रत्येक माहितीपत्रकात असते. तिच्या नावावर चौरस फुटामागे एक रुपयाही जास्त देऊ नका.

सकाळी बसायला जागा हवी असेल तर बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीचीच वेळ धरावी लागते. कर्जत-खोपोलीकडून येणारी गाडी इथं पोचते तेव्हाच भरलेली असते. बदलापूर लोकलमध्येही, संध्याकाळी उलट दिशेने येऊन जागा धरून बसणारे असतात, तसे सकाळी अंबरनाथहून ‘डाऊन करून’ आलेले असतातच. एसी लोकल आहेत, पण साध्या गाडीच्या जागी एसी आणली की इथला प्रवासी गप्प बसत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये विरोध एवढा वाढला की मध्य रेल्वेला नव्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. रोजच्या प्रवासाचा अंदाज रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला जाऊन येत नाही. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेसातला बदलापूरच्या फलाटावर उभं राहा आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला दादरहून परत या.

स्टेशनपासूनचं अंतर इथं भावापेक्षा महत्त्वाचं. रिक्षा मुख्यतः शेअरच्या, ठरलेल्या मार्गांवर. रात्री उशिरा त्या विरळ होतात आणि मग ‘स्पेशल’ करावी लागते. पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल संध्याकाळी तुंबतो, म्हणून ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ म्हणजे स्टेशनच्या कुठल्या बाजूला, हे विचारा. चालत वीस मिनिटांच्या आतलं थोडं जुनं घर आणि चार किलोमीटर लांबचं स्विमिंग पूलवालं नवं घर यांत नोकरदाराने जुनं घ्यावं. रिक्षाचे जाऊन-येऊन रोज साठ रुपये धरले तर महिन्याला पंचवीस दिवसांचे दीड हजार, आणि घरातून दोघं वेगवेगळ्या वेळी निघत असतील तर तीन हजार. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जावर एक लाखाला महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे ते तीन हजार जवळजवळ साडेतीन लाखांच्या कर्जाचा हप्ता झाला.

आता नदी. पश्चिमेला उल्हास वाहते, आणि पश्चिमेतले भाव कमी असण्यात तिचा मोठा वाटा आहे. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. २०२१ च्या जुलैतही पाणी शिरलं. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर. पावसाळ्यात स्थानिक व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर हेच आकडे फिरत असतात. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली आणि बॅरेज रोडच्या बाजूला घर बघताना दर इमारतीगणिक चौकशी करावी, कारण एकाच रस्त्यावर शंभर मीटरमध्ये चढउतार बदलतो. बिल्डरला विचारू नका. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, “२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?” तो हाताने भिंतीवर खूण दाखवतो. कंपाउंडच्या भिंतीवरचे डाग, तळमजल्यावरच्या जुन्या दारांच्या फुगलेल्या चौकटी आणि जमिनीपासून उंचावर हलवलेले वीजमीटर हीही साक्ष असते.

त्यापुढची गोष्ट नकाशाची. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मधे निर्बंध. आज उभी असलेली इमारत लाल रेषेच्या आत असेल तर राहायला कदाचित काही अडचण नाही, पण ती जुनी झाल्यावर पुनर्विकास अडतो, आणि वीस वर्षांनी विकायला निघाल तेव्हा किंमत तिथंच तुटते. नगर परिषदेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर देऊन पूररेषेचा नकाशा बघता येतो. पश्चिमेत तळमजला टाळा, स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, गाडी पूर आल्यावर कुठं हलवणार तेही आधीच ठरवा. पूर्वेला कात्रप, शिरगाव, कुळगाव हा भाग तुलनेने निश्चिंत. तिथं भाव जास्त आणि गर्दीही जास्त. आमच्या मते तो जास्तीचा भाव द्यावा.

पूर्वेलाही एक पथ्य आहे. खरवई-मानकिवली बाजूला एमआयडीसीतले रासायनिक कारखाने आहेत आणि उग्र वासाच्या तक्रारी बहुधा रात्रीच्या असतात. त्या बाजूचं घर एकदा रात्री अकराला जाऊन बघा.

कागदांवर मात्र सावकाश थांबायला हवं. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा नंबर दिसला की लोक निर्धास्त होतात (ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही असतो). शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा त्यांत कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबं राहत होती. म्हणून महारेराच्या साइटवरचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र डाउनलोड करून त्याचा जावक क्रमांक आणि तारीख कुळगाव-बदलापूर नगर परिषदेत पडताळून घ्यायची. गरज पडली तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात.

त्या प्रमाणपत्रात मजले वाचा. परवानगी सातव्या मजल्यापर्यंत आणि तुम्हाला फ्लॅट अकराव्यावर, हा प्रकार सर्रास चालतो. ‘वरची परवानगी प्रोसेसमध्ये आहे’ याचा अर्थ ती नाही. साइटवर प्रकल्पाची मूळ पूर्णता-तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही दिसतात. दोनदा मुदतवाढ घेतलेल्या बिल्डरने सांगितलेल्या ताब्याच्या तारखेत आणखी वर्षभर मिळवा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, हातात घेऊनच बोलणी पुढे न्या. पार्ट ओसी असेल तर त्यात कुठली विंग, कुठले मजले, ते तपासा. सोपी कसोटी म्हणजे सरकारी बँकेच्या शाखेत जाऊन त्या इमारतीत कर्ज देता का, एवढंच विचारायचं. नाही म्हणाले आणि एजंट लगेच एखाद्या फायनान्स कंपनीचं नाव पुढे करू लागला, तर दोन-तीन टक्के जास्त व्याजासकट तो धोका तुमच्या गळ्यात पडतो.

जुन्या चार मजली इमारतींत वेगळी मेख आहे: जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालं का, नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर अडून बसला तरी सरकारकडून ते करून घेण्याचा) अर्ज तरी केला का, हे सोसायटीच्या सचिवाला विचारा. सोबत मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. त्यात टँकरवर किती खर्च झाला ते एका ओळीत कळतं, आणि पाण्याबद्दल कुणाच्याही तोंडी उत्तरापेक्षा ती ओळ खरी असते. शहराला पाणी जीवन प्राधिकरण पुरवतं, उल्हासवरच्या बॅरेजमधून. बारवी धरण इतकं जवळ असूनही उन्हाळ्यात पाण्याची ओरड होते, उंचावरच्या आणि टोकाच्या वसाहतींत जास्त. सोसायटी तुमच्याकडून हस्तांतर शुल्क सरकारने ठरवलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. वरची ‘देणगी’ ऐच्छिक असते.

पैशांचा तक्ता मांडताना किमतीवर मुद्रांक शुल्काचे सहा-सात टक्के धरा. घर स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल तीस हजार. बांधकाम चालू असेल तर ४५ लाखांपर्यंतच्या आणि ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट कार्पेटपर्यंतच्या घराला एक टक्का जीएसटी, त्याहून महाग किंवा मोठ्या घराला पाच. ओसीनंतर विकलेल्या घराला शून्य. याखेरीज मीटर, विकास आकार, सोसायटी स्थापना, दीड-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स यांची दोन-तीन लाखांची यादी शेवटच्या महिन्यात निघते. ती पहिल्याच भेटीत लेखी मागा. क्षेत्रफळ रेरा कार्पेटमध्येच, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेतच, विचारा. ‘यूजेबल ४५०’ मध्ये बाल्कनी मिळवलेली असते, बिल्ट-अप तर विसरूनच जा. आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला कायद्याने बंदी आहे.

वीज महावितरणची, पावसाळ्यात जाते. घरून काम असेल तर १५० एएचची बॅटरी आणि ८५०-९०० व्हीएचा इन्व्हर्टर घ्या. तीन पंखे, चार दिवे, राउटर चार-पाच तास चालतो. लिफ्टला आणि पाण्याच्या पंपाला जनरेटर आहे का, तेही बघा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पश्चिमाभिमुख हॉल असलेला सर्वांत वरचा मजला नकोच. बाजारहाट, मराठी शाळा, नाटक-गाण्याचे कार्यक्रम याला इथं तोटा नाही, आणि जूनमध्ये मिळणाऱ्या जांभळांना तर भौगोलिक मानांकनच मिळालं आहे. मोठ्या दुखण्याला मात्र उल्हासनगर, कल्याण किंवा ठाणं गाठावं लागतं. घरात हृदयविकाराचा रुग्ण किंवा डायलिसिस असेल तर ही बाब सगळ्यांत वर ठेवा.

आमचा कल स्पष्ट आहे: आधी अकरा महिने भाड्याने राहा, आणि करार मे-जूनमध्ये सुरू करा म्हणजे पावसाळा पहिल्याच टप्प्यात कळतो. लिव्ह अँड लायसन्सचा खर्च नगण्य आहे. आठ हजार भाडं आणि तीस हजार डिपॉझिटला पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क सव्वादोनशेच्या घरात येतं, नोंदणी शुल्क हजारापर्यंत, वर एजंटची एक महिन्याची दलाली. नोंदणी ऑनलाइन होते आणि ती करून देणं घरमालकावर बंधनकारक आहे. नोटरीवर भागवू म्हणणाऱ्याला नकार द्या. सोसायटी भाडेकरूमुळे घरमालकाकडून सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा आकारू शकते, ते भाड्यात धरलं आहे की वेगळं, हे करारात लिहून घ्या. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येणारा काळ, तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका आणि नोटीस कालावधी एक महिन्याचा घ्या. जुलैत पाणी दारात आलं तर सप्टेंबरपर्यंत घर बदलता येतं.