भूपात मध्यम न घालणारा जॅझ: मुलातू अस्तातके यांची ‘एथिओपिक ४’

इथिओपियन जॅझमधलं एकच काही विकत घ्यायचं असेल तर जुनं इथिओपियन संगीत पुन्हा काढणाऱ्या ‘एथिओपिक’ मालिकेचा चौथा खंड घ्या. पॅरिसच्या ब्युदा म्युझिक या कंपनीने तो १९९८ मध्ये काढला. इथिओपियन संगीतकार मुलातू अस्तातके यांच्या १९६९ ते १९७४ या काळातल्या चौदा वाद्यरचना एकाच सीडीवर आहेत. एकूण तासाभराचा ऐवज. मुलातूंनी यानंतर अधिक स्वच्छ आवाजाची, मोठ्या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणं केली, पण सुरुवात त्या ध्वनिमुद्रणांपासून केली तर या संगीताची खरी ताकद कुठे आहे ते हातून निसटतं. ती ताकद पाच स्वरांत आहे, आणि ते सांभाळण्याची शिस्त याच खंडात सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

मराठी श्रोत्याला इथे मोठी सोय आहे. इथिओपियात स्वरांच्या चौकटीला ‘कन्येत’ म्हणतात. मुख्य चौकटी चार, आणि चारही पाच स्वरांच्या. तिजिता म्हणजे सा रे ग प ध, सगळे शुद्ध, थेट आपल्या भूप रागाचे स्वर. तिजिताचाच दुसरा प्रकार गंधार आणि धैवत कोमल करून होतो. शिवरंजनीचा धैवत कोमल केल्यावर जे हाती येईल ते. बातीच्या एका प्रकारात सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानीचे स्वर येतात. अंबासेलमध्ये सा, कोमल रे, म, प, कोमल ध असतात, म्हणजे गुणकलीचे. रागाचं चलन, वादी-संवादी, वेळ यांचा इथे संबंध नाही. साम्य स्वरांपुरतंच आहे, पण कानाला ओळख पटायला तेवढं पुरतं.

चौथी चौकट अंचिहोये. तिच्यात सा, कोमल रे, शुद्ध मध्यम, तीव्र मध्यम आणि शुद्ध धैवत आहेत, पंचम नाही. आपला कान इथे हमखास चुकतो. मध्यमालाच षड्ज धरून बघा: तीव्र मध्यम कोमल रिषभ होतो, धैवत गंधार, षड्ज पंचम आणि कोमल रिषभ कोमल धैवत. हाती येतो भैरव थाटातला विभास. म्हणून अंचिहोये ऐकताना ‘अरे, हा तर विभास’ असं वाटलं तर समजावं की आपला षड्ज घसरलाय. अंबासेलचंही तसंच. कोमल तिजिताचा पंचम षड्ज मानला की तेच पाच स्वर अंबासेल होतात. चौकट कोणती ते शेवटी बास गिटार ठरवते. बासचा स्वर कुठे परत परत येऊन बसतो तिकडे लक्ष ठेवा. तो तानपुऱ्याच्या ॲपवर लावून पहिली दोन मिनिटं सोबत गुणगुणा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप जागेवर येतं.

आता जॅझ. पाच स्वरांच्या सुरावटीखाली बारा स्वरांतून बांधलेले कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर, घालायचे म्हटलं की पहिली अडचण पंचमावरच्या सप्तम कॉर्डची. तो बनतो प, नी, रे, म यांनी. भूपात नी आणि म दोन्ही वर्ज्य. जॅझमध्ये घरी परतण्याचा सगळ्यात रुळलेला रस्ता हाच कॉर्ड आहे, आणि तो वाजवला त्या क्षणी तिजिता मरते. भूपात मध्यम लागल्यावर मैफलीत जी चुळबुळ होते तीच इथे व्हायला हवी. पण पाश्चात्त्य कानाला तो कॉर्ड इतका सवयीचा आहे की अनेक फ्यूजन बँडना चूक झाल्याचंही कळत नाही. इथिओपियन धून वाजवूनही वाजवणं हॉटेलच्या लॉबीतल्या संगीतासारखं का वाटतं, याचं कारण दहांतल्या आठ वेळा हेच असतं.

मुलातूंनी काढलेली वाट साधी आणि कडक आहे. कॉर्ड चौकटीतल्याच स्वरांतून बांधायचे. सा-ग-प-ध असा एक, किंवा ग-ध-रे, ध-रे-प असे चौथ्या-चौथ्या स्वराच्या अंतराने रचलेले. कोमल तिजितात सा-कोमल ग-प आणि कोमल ध-सा-कोमल ग या दोन कॉर्डांवर अख्खी रचना उभी राहू शकते. बासला चार-आठ स्वरांचा तुकडा द्यायचा आणि तो गोल गोल फिरवायचा. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट बहुतेक वेळ एकच सुरावट जोडीने वाजवतात. बाहेरचा स्वर लागलाच तर एकल वादनात, जाता जाता, कणासारखा. त्यामुळे कॉर्ड बदलण्यातून येणारी जॅझची गती इथे फारशी नाही. गती येते ती ठेक्यातून आणि ध्वनीच्या रंगातून. बिबॉप, म्हणजे झपाट्याने कॉर्ड बदलणारा जॅझ, ऐकून कान तयार झालेल्यांना सुरुवातीला हे एकाच जागी उभं असल्यासारखं वाटेल. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला नाही वाटणार.

ठेक्याचं मिश्रण दुसऱ्या दिशेने आलंय. मुलातू १९४३ मध्ये इथिओपियातल्या जिम्मा इथे जन्मले. इंजिनिअर व्हायला वेल्सला गेले आणि संगीताकडे वळून लंडनचं ट्रिनिटी कॉलेज, मग बॉस्टनची बर्कली ही संगीतशाळा अशी वाट त्यांनी धरली. बर्कलीत शिकलेले ते पहिले आफ्रिकी विद्यार्थी मानले जातात. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी पोर्तो रिकोच्या वादकांना घेऊन बँड बांधला आणि १९६६ मध्ये लॅटिन अंगाच्या दोन तबकड्या काढल्या. काँगा हा हाताने वाजवायचा ढोल आणि लॅटिन ठेका त्यांच्या संगीतात तिथून आला. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या लोकसंगीतात सहा मात्रांचा झोका आहे, दादऱ्यासारखा सहाचा, पण त्यात दोनाचं आणि तिनाचं वजन एकाच वेळी चालू असतं. डाव्या हाताने सहांत दोन थापा आणि उजव्याने तीन द्या. खांदे उडवत करायचा एस्किस्ता नाच या दोन वजनांच्या मधल्या फटीतून निघतो.

खंडातल्या रचनांकडे वळू. ‘येकेर्मो सेव’ने सुरुवात होते. चार मात्रांचा लॅटिन वळणाचा ठेका, बासचा फिरता तुकडा आणि त्यावर ब्रासने, म्हणजे फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांनी, घेतलेली जडशीळ सुरावट. इथे एकाच गोष्टीवर कान ठेवा. ब्रासची ओळ संपते आणि पुढची सुरू होते त्यामधल्या रिकाम्या जागेत पियानो काही भरत नाही. दुसरा कुठलाही ॲरेंजर तिथे एखादा शोभेचा तुकडा घालेल. इथे बास आणि ड्रम तेवढे चालत राहतात, आणि ओळ परत येते तेव्हा तिचं वजन दुप्पट झालेलं असतं. ‘येगेले तेजेता’ म्हणजे ‘माझी स्वतःची आठवण’. कोमल गंधाराची, घुमणारी. नास आणि डेमियन मार्ली यांनी २०१० मध्ये ‘ॲज वी एंटर’साठी हिचाच तुकडा उचलला, म्हणून हिप-हॉप ऐकणाऱ्यांच्या ती ओळखीची असेल. तेजेता, म्हणजेच वर सांगितलेली तिजिता, हा शब्द आठवण, हुरहूर या अर्थाचा. तेच चौकटीचं नाव आणि तेच एका गीतप्रकाराचंही. या खंडात तो तीन शीर्षकांत येतो. ‘येकातित’ हे इथिओपियन महिन्याचं नाव आहे, आपल्या फेब्रुवारीच्या आसपासचा महिना. १९७४ ची क्रांती त्याच महिन्यात पेटली. शेजारच्या ‘नेत्सानेत’चा अर्थ स्वातंत्र्य. त्या सप्टेंबरात सम्राट हैले सेलासी पदच्युत झाले, लष्करी राजवटीने संचारबंदी लावली आणि रात्रीचे क्लब बंद पडले. हे लक्षात ठेवून या दोन रचना ऐकल्या की त्यांच्यातली उमेद काळजाला लागते.

हे सगळं मुळात छापलं ते अम्हा एशेते यांनी. तबकड्या काढायचा हक्क सरकारी संस्थेकडेच होता. तो हुकूम न जुमानता विशीतल्या या तरुणाने १९६९ मध्ये अम्हा रेकॉर्ड्स सुरू केली. पहिल्या काही तबकड्या त्यांनी चक्क भारतात तयार करून घेतल्या होत्या. १९७५ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि कंपनी थांबली. फ्रेंच संशोधक फ्रान्सिस फाल्सेतो यांनी हा ठेवा शोधून, हक्क मिळवून ‘एथिओपिक’ मालिका उभी केली. चौथा खंड जगभर पोहोचला तो २००५ च्या ‘ब्रोकन फ्लॉवर्स’ या चित्रपटामुळे. दिग्दर्शक जिम जारमुश यांनी यातल्या रचना त्यात वापरल्या.

आता उणिवा. रचना वेगवेगळ्या वेळच्या असल्याने आवाजाची पातळी सारखी नाही. एका रचनेसाठी लावलेला आवाज पुढच्या रचनेला जास्त होतो. ब्रास चढतो तिथे आवाज थोडा फाटतो. ते मूळ ध्वनिमुद्रणातच आहे, म्हणून तुमच्या स्पीकरला दोष देऊ नका. इक्वलायझरवर वरची पट्टी ओढून स्वच्छता मिळत नाही, नुसती खरखर वाढते. त्यापेक्षा ती जागेवर ठेवून खालची थोडी उचला, बासचा तुकडा मोकळा होईल. मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. बास गेला की चौकट कोणती ते कळणारच नाही. मुलातूंचं नाव व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायच्या वाद्याशी जोडलं गेलंय, पण इथे पियानो, ऑर्गन, वा-वा गिटार आणि ब्रास पुढे आहेत. व्हायब्राफोनसाठीच घेणार असाल तर निराश व्हाल.

त्यासाठी दुसरी तबकडी आहे, ‘मुलातू ऑफ इथिओपिया’. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला मुद्रित झालेली, सात रचनांची. स्ट्रट कंपनीने ती २०१७ मध्ये पुन्हा काढली, स्टीरिओ आणि मोनो अशा दोन्ही मिश्रणांत. मोनो घ्या. काँगा आणि बास तिथे एकमेकांना घट्ट धरून आहेत. ‘मुनाये’, ‘कासालेफ्कुत हुलू’ आणि ‘देवेल’ या तीन रचना दोन्हीकडे आहेत, आणि शेजारी शेजारी लावून ऐकण्याजोगा याहून चांगला धडा नाही. न्यूयॉर्कचे वादक ठेक्यात पक्के आहेत, काँगा मोकळी वाजते, व्हायब्राफोनचा नाद लांबवर तरंगतो. चौथ्या खंडातल्या आदिस अबाबाच्या वादकांचा ठेका तितका चोख नाही, पण सॅक्सोफोन स्वरावर येतो तो खालून घसरत, थरथरत, तिथल्या गायकाच्या गळ्यासारखा. मासेंको या एकतारी वाद्याच्या गजातून निघणारी मींड त्या सॅक्सोफोनात उतरली आहे. हे नोटेशनमध्ये लिहिता येत नाही. माझा कौल आदिसला.

पुढे काय घ्यावं? मिश्रणाचा सर्वांत धीट नमुना म्हणजे ‘मोआ अनबेसा’ (२००६). जुन्या वीरगीतांची आरोळी सॅक्सोफोनवर आणणारे गेताचू मेकुर्या आणि द एक्स हा डच पंक बँड. पंकच्या गिटारी मुळात कॉर्डांच्या भानगडीत फारशा पडत नाहीत, म्हणून पाच स्वर शाबूत राहतात आणि जोडी जमते. मुलातू आणि लंडनच्या हेलिओसेंट्रिक्स यांचा २००९ चा अल्बम आवाजाने देखणा आहे, मात्र काही ठिकाणी ध्वनीचा धूर इतका दाट की सुरावट शोधावी लागते. हैलू मेर्गिया यांनी १९८५ मध्ये अकॉर्डियन, इलेक्ट्रिक पियानो आणि सिंथेसायझर घेऊन एकट्याने केलेली तबकडी २०१३ मध्ये पुन्हा निघाली. रात्री उशिरा, कमी आवाजात ऐका.

शोधताना एक अडचण येईल. अम्हारिक लिपीतून रोमन अक्षरांत आणताना प्रत्येकाने वेगळं स्पेलिंग केलंय. फ्रेंच खंडांवर ‘अस्तातके’मधल्या ‘क’साठी क्यू आहे, इंग्रजी तबकड्यांवर के. तिजिता कुठे टी-आय-ने लिहितात, कुठे टी-ई-ने. शिवाय इथिओपियन नावातला दुसरा शब्द आडनाव नसून वडिलांचं नाव असतं. म्हणून ॲपवर किंवा दुकानात ‘अस्तातके’ शोधत बसू नका. ‘मुलातू’ टाका, आणि मालिकेतला हवा तो अंक तपासून घ्या: चार.