बाम, पुदिन्याचं तेल की सुंठेचा लेप?

संध्याकाळी पाचच्या सुमाराला कपाळाभोवती फडकं करकचून बांधल्यासारखं होतं, दोन्ही बाजूंना सारखंच दुखतं, पण ठणका नाही की मळमळ नाही. ही ताणाची डोकेदुखी. गोळी न घेता वरून काय लावावं, एवढंच इथे पाहू. अर्धशिशीचं प्रकरण वेगळं.

बाम घरोघरी असतोच. अमृतांजन तर १८९३ पासूनचं. कुठलीही डबी उलटून वाचा, आलटून पालटून तीच मंडळी भेटतात: मेंथॉल, कापूर, निलगिरी, गंधपुऱ्याचं तेल. लावल्याबरोबर गारवा, मागून उष्णता. पण वास दडत नाही; ऑफिसात लावलात की सगळ्या मजल्याला कळतं. शिवाय गंधपुऱ्याचं तेल अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

माझा कौल पुदिन्याच्या तेलाला. जर्मनीत १९९६ साली ४१ रुग्णांवर चाचणी झाली. त्यात अल्कोहोलमधलं १० टक्के पुदिना तेल कपाळाला आणि कानशिलांना लावलं, पंधरा-पंधरा मिनिटांनी पुन्हा लावलं. पहिल्या १५ मिनिटांतच दुखणं उतरायला लागलं, आणि १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तुलनेत हे तेल लक्षणीय कमी पडलं नाही. या तेलातलं मेंथॉल त्वचेतल्या गारवा ओळखणाऱ्या चेताटोकांना चेतवतं, म्हणून गार वाटतं. घरी एक भाग तेलाला नऊ भाग खोबरेल घ्या. निव्वळ तेल लावू नका, कातडी चुरचुरते. डोळ्यांपासून चार बोटं लांब. तान्ह्या मुलांजवळ बाम नको आणि हे तेलही नको. मेंथॉलने त्यांचा श्वास अडकू शकतो, कापूर पोटात गेला तर झटके येतात.

सुंठ सहाणेवर उगाळून, कोमट करून लावलेला लेप सर्दीने जड झालेल्या डोक्यावर आजीच्या हातून छानच वाटतो. पण वाळेपर्यंत आडवं पडावं लागतं, आणि नाजूक कातडी लालबुंद होते. कामाच्या दिवशी कोण एवढं करणार?

दुखतं कपाळ, पण गाठी बऱ्याचदा मानेत आणि खांद्यांत असतात. तिथे काही चोळण्याआधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी ठेवून बघा. बाम चोळलेल्या जागी मात्र शेक नको, भाजतं.

डोकं एकाएकी, कधी नव्हे इतकं दुखलं, किंवा सोबत ताप येऊन मान ताठली, हात-पाय लुळे पडले, तर डबी बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.